डिस्क ॲरे मंदावणे

डिस्क ॲरे मंदावणे : सर्व्हरमधील अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचा एकच मोठी डिस्क असल्यासारखा वापर केला जातो, त्या संचाला डिस्क ॲरे म्हणतात. हा ॲरे नेहमीपेक्षा उशिरा प्रतिसाद देऊ लागला, की त्याचे कारण कसे शोधावे हा या नोंदीचा विषय आहे. ॲरे बहुधा रेड (RAID) पद्धतीने, म्हणजे एखादी डिस्क बंद पडली तरी माहिती टिकेल अशा रीतीने बांधलेला असतो. ही पद्धत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मांडली. एका महागड्या डिस्कचे काम अनेक स्वस्त डिस्ककडून करून घ्यायचे, असा तो हिशेब होता.

तक्रार सहसा ‘डेटाबेस अडकतोय’ किंवा ‘बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही’ अशा शब्दांत येते. डिस्कचे नाव कोणी घेत नाही. त्यामुळे दोष खरोखर साठवणुकीत आहे का, हे आधी पाहावे लागते. लिनक्सवर त्यासाठी आयोस्टॅट हे साधन पुरेसे आहे. त्यातला ‘वापर टक्के’ हा रकाना मात्र फसवा असतो. ॲरे एका वेळी अनेक विनंत्या हाताळत असल्याने १०० टक्के दिसले तरी त्याची क्षमता संपली असे होत नाही. पाहायचा आकडा म्हणजे प्रत्येक विनंतीला लागणारा सरासरी वेळ, आणि तोही संपूर्ण ॲरेचा न पाहता एकेका डिस्कचा.

निम्मे निदान इथेच होते. समजा, आठ डिस्कपैकी सात डिस्क १० मिलिसेकंदांत उत्तर देत आहेत आणि आठवीला १८० लागत आहेत. माहितीचा पट्टा सगळ्या डिस्कवर विभागलेला असल्याने तो पूर्ण लिहायचा तर प्रत्येक वेळी आठवीसाठी थांबावे लागते. ॲरेची स्थिती ‘उत्तम’ दिसते, कारण डिस्क मेलेली नसते, नुसती रखडत असते. पूर्ण बंद पडलेल्या डिस्कपेक्षा अशी अर्धमेली डिस्क जास्त त्रास देते, कारण बंद पडलेली डिस्क ॲरे निदान बाजूला तरी काढतो. अशा डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींत) बदललेले सेक्टर, म्हणजे माहिती साठवणारे लहान तुकडे (क्रमांक ५) आणि बदलण्याच्या प्रतीक्षेतले सेक्टर (क्रमांक १९७) तपासावेत. क्रमांक १९९ (केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुका) वाढत असेल, तर डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी.

घरगुती वापराच्या डिस्क ॲरेत घातल्या, तर आणखी एक अडचण येते. खराब सेक्टर वाचण्यासाठी अशी डिस्क कधीकधी मिनिटभराहूनही जास्त वेळ झगडते, तर सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून ॲरेला तसे कळवते. डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्याची लिनक्सची मूळ कालमर्यादा ३० सेकंदांची असते; त्यामुळे घरगुती डिस्क झगडत असतानाच ती संपते आणि चालू डिस्क ॲरेतून बाहेर फेकली जाऊ शकते.

फक्त लिहिणेच मंदावले असेल, तर कंट्रोलरच्या (ॲरे चालवणाऱ्या कार्डाच्या) कॅशेकडे, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीकडे पाहावे. कंट्रोलर माहिती आधी स्वतःच्या स्मृतीत घेतो, ‘झाले’ म्हणून कळवतो आणि ती डिस्कवर सावकाश उतरवतो. वीज गेली तर ही माहिती बॅटरीवर टिकते. बॅटरी कमजोर झाली, की बहुतेक कंट्रोलर ही सोय आपणहून बंद करतात आणि प्रत्येक लेखनासाठी डिस्कपर्यंत जाऊन येतात. काही कंट्रोलर ठरावीक काळाने बॅटरी रिकामी करून पुन्हा भरतात. तेवढ्या काळात ॲरे मंद होतो आणि मग आपोआप सुधारतो. मंदपणा येऊन-जाऊन असेल तर कंट्रोलरच्या नोंदवहीतल्या वेळा जुळवून पाहाव्यात. आपोआप चालणारी ॲरेची पडताळणीही अशीच अवचित आडवी येते. डेबियन या लिनक्स प्रणालीत ती महिन्याच्या पहिल्या रविवारी सुरू होते.

कधीकधी बिघाड काहीच नसतो, बांधणीच कामाला साजेशी नसते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकण्याचा वेळ धरला, तर विखुरलेल्या विनंत्या सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० पुऱ्या होतात. रेड ५ मध्ये एक लहानसे लेखन म्हणजे जुनी माहिती व जुनी पॅरिटी (हरवलेली माहिती पुन्हा काढण्यासाठी ठेवलेला हिशेब) वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे, अशी चार कामे. दुहेरी पॅरिटीच्या रेड ६ मध्ये सहा, माहितीच्या दोन प्रती ठेवणाऱ्या रेड १० मध्ये दोनच. प्रत्येकी ८० विनंत्या धरल्या तर आठ डिस्कचा रेड ५ सेकंदाला साधारण १६० लहान लेखने झेपवतो, रेड १० त्याच्या दुप्पट. डेटाबेससाठी रेड ५ निवडून मग सेटिंग बदलत बसण्यात फारसे हशील नाही.

डिस्कवरील विभाजनाची (पार्टिशनची) सुरुवात ४ किलोबाइटच्या सेक्टरशी जुळत नसणे आणि एकमेकांवर चढणाऱ्या ट्रॅकच्या (एसएमआर) डिस्क ही आणखी दोन कारणे. एसएमआर डिस्क एरवी ठीक चालतात, ॲरेची फेरबांधणी (बदललेल्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणे) सुरू झाली की दम टाकतात. कंपनेही बाधतात : ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने २००८ मध्ये डिस्कवर ओरडून प्रतिसादाचा वेळ वाढतो, हे आलेखावर दाखवले होते.

वेग मोजण्यासाठी माहितीची नक्कल करणारी नुसती डीडी आज्ञा चालवली, तर बऱ्याचदा सर्व्हरच्या रॅमचाच वेग मोजला जातो. एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारे साधन कॅशे टाळून, रोजच्या कामाशी जुळणाऱ्या आकाराच्या विनंत्यांनी चालवावे आणि ॲरे धडधाकट असतानाच त्याचे आकडे नोंदवून ठेवावेत.