स्तन कर्करोग साहाय्य संस्था

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना माहिती, मानसिक आधार व व्यावहारिक मदत पुरवणाऱ्या संस्था. या रोगाचे २०२२ मध्ये जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना निदान झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रुग्णांपैकी अर्धा ते एक टक्का पुरुष असतात आणि बहुतेक संस्थांत त्यांना अजूनही अवघडल्यासारखेच होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांची मूलगामी शस्त्रक्रिया सर्रास केली जाई. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीका ग्रंथीही काढून टाकत. टाके सुकले की डॉक्टरांचे काम संपे. हात पूर्वीसारखा वर कसा न्यायचा, कपड्यांच्या आत काय घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचे, हे सांगणारे कोणी नसे. या अनुभवातून गेलेल्या टेरीज लॅसर यांनी १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम सुरू केला. शस्त्रक्रिया झालेल्या स्वयंसेविका नव्या रुग्णाच्या खाटेपाशी जाऊन व्यायाम दाखवत आणि तात्पुरता कृत्रिम स्तन देत. अनेक डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने उपक्रम आपल्याकडे घेतला, १९७४ च्या सुमारास तो युरोपात पोहोचला. उपचारांबद्दल मत द्यायचे नाही, हे स्वयंसेविकांवरचे बंधन मात्र कायम राहिले.

हे बंधन न मानणारी पिढी सत्तरच्या दशकात पुढे आली. त्या काळी गाठीची तपासणी आणि स्तनच्छेदन एकाच भुलीत उरकत. जाग आल्यावरच स्तन राहिला की गेला हे बाईला कळे. पत्रकार रोझ कुशनर यांनी स्वतःच्या आजारपणात याला नकार दिला, इतरांसाठी सल्ला केंद्र काढले आणि या पद्धतीविरुद्ध लेखणी चालवली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करण्याची शिफारस केली. कुशनर त्या मंडळात होत्या. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेत ‘नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन’ आणि १९९४ मध्ये युरोपात ‘युरोपा डोना’ स्थापन झाल्या; संशोधनाचा निधी आणि उपचारांचा दर्जा हे त्यांचे मुख्य विषय.

रोजचे काम त्यामानाने साधे, पण किचकट असते. हेल्पलाइनवर फोन आला की साधारण त्याच वयाची, तशाच प्रकारच्या कर्करोगातून आणि उपचारांतून गेलेली व्यक्ती गाठून द्यावी लागते. पंचविशीतल्या मुलीला मूल होण्याची चिंता असते, सत्तरीतल्या बाईला रेडिएशनसाठी रोज ने-आण कोण करणार याची. शिवाय विग, कृत्रिम स्तन, हाताच्या सुजेवरचे व्यायाम, नोकरी, विमा. सर्वाधिक गरज बहुधा उपचार संपल्यावर भासते: रुग्णालयाच्या फेऱ्या थांबतात, घरचे ‘सुटलो’ म्हणतात आणि भीती तेव्हाच वर येते. रोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेल्यांचे गट वेगळे ठेवण्याकडे कल आहे. ‘जिंकले’ म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात त्यांना आपले बोलता येत नाही, हे त्याचे कारण.

आधारगटाने आयुष्य वाढते का, हा प्रश्न बराच गाजला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या १९८९ मधील अभ्यासात गटात जाणाऱ्या, रोग पसरलेल्या स्त्रिया जवळपास दुप्पट काळ जगल्याचे दिसले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तसे आढळले नाही. मात्र मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाली, विशेषतः सुरुवातीला अधिक त्रस्त असलेल्यांमध्ये. गटांचे समर्थन यावरच करावे. आयुष्याची आशा दाखवून माणसे बोलावणे गैर आहे.

काही समज रुग्णांनीच मोडले. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजेल म्हणून त्याने जोराचे काम करू नये, असा सल्ला सर्रास दिला जाई. १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी अशाच स्त्रियांना लांब ‘ड्रॅगन’ नावेत वल्ही मारायला बसवले. त्यांच्या हाताची सूज वाढली नाही. आज असे संघ अनेक देशांत आहेत.

वाद आहे तो पैशाचा. स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीचे चिन्ह म्हणून १९९२ पासून पसरलेली गुलाबी फीत विक्रीची खूण बनली. ‘ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन’ या संस्थेने २००२ मध्ये त्यावर मोहीम काढून ग्राहकांना विचारायला लावले, की या वस्तूच्या किमतीतले किती पैसे कोणाकडे जातात? औषध कंपन्यांच्या देणग्यांबाबतही संस्थांत दोन तट आहेत: काही त्या घेऊन हेल्पलाइन चालवतात, काही त्या घेतच नाहीत.