इंग्रजी वाक्याचा जोर शेवटी का असतो?

ही दोन इंग्रजी वाक्यं मोठ्यानं वाचून पाहा. ‘द ड्रग कॉझेस नॉशिया, बट इट सेव्ह्ज लाइव्ह्ज.’ ‘द ड्रग सेव्ह्ज लाइव्ह्ज, बट इट कॉझेस नॉशिया.’ औषधानं मळमळतं आणि जीवही वाचतो, एवढीच माहिती दोन्हींत आहे. तरी पहिलं वाक्य ऐकून रुग्ण गोळी घेईल, दुसरं ऐकून बिचकेल.

साधं इंग्रजी विधान बोलताना आवाजाचा मुख्य आघात सहसा शेवटच्या अर्थपूर्ण शब्दावर येतो, आणि मनात वाचतानाही तो ऐकू येतो. शिवाय नुकतंच कानावर पडलेलं उपवाक्य शब्दशः लक्षात राहतं. पुढचं वाक्य सुरू झालं की शब्द पुसट होतात, आशय उरतो. मानसशास्त्रज्ञ जार्व्हेला यांनी १९७१मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं. वाक्याच्या शेवटाला गोपेन आणि स्वान यांनी वैज्ञानिक लेखनावरच्या १९९०च्या लेखात ‘स्ट्रेस पोझिशन’, म्हणजे जोराची जागा, म्हटलं. वाचकाला ठाऊक असलेलं आधी ठेवा, नवं आणि महत्त्वाचं तिथे ठेवा, हा त्यांचा सल्ला.

मराठीत मात्र जोर बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी येतो. ‘डॉक्टरने वाघाला पाहिलं’ आणि ‘वाघाला डॉक्टरने पाहिलं’ यांत कोणी कोणाला पाहिलं हे बदलत नाही, कारण ते ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. त्यामुळे शब्द मोकळेपणानं हलवता येतात. वर ‘डॉक्टरनेच’ म्हणायची सोय आहेच. इंग्रजीत शब्दांची अशी अदलाबदल केली तर वाघच डॉक्टरला पाहू लागतो! त्या एका ‘च’साठी ‘इट वॉज द डॉक्टर हू सॉ द टायगर’ एवढा खटाटोप करावा लागतो, नाहीतर ‘द टायगर वॉज सीन बाय द डॉक्टर’ म्हणून डॉक्टरला शेवटी आणावं लागतं. म्हणूनच ‘पॅसिव्ह व्हॉइस टाळा’ हा सरसकट नियम मला पटत नाही.

इंग्रजी मसुद्यांत मला वारंवार दिसणारी चूक वेगळीच आहे: मुख्य गोष्ट सांगून झाल्यावर मागे शेपूट लावायचं. ‘द ब्रिज कोलॅप्स्ड आफ्टर हेवी रेन लास्ट नाइट इन द एरिया.’ इथे जोर ‘एरिया’वर वाया गेला. ‘लास्ट नाइट, आफ्टर हेवी रेन, द ब्रिज कोलॅप्स्ड’ म्हटलं की पूल खरोखर कोसळतो. बातमीदार मात्र पूल आधीच लिहील, आणि ते योग्यच आहे. घाईतला वाचक वाक्याच्या टोकापर्यंत पोचेलच याची त्याला खात्री नसते.