भित्र्या कुत्र्याचा मास्तर आणि पावलोव्हची अर्धीच ऐकलेली गोष्ट

कुत्रा लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसावर गुरगुरला, खाली फिरताना दुसरा कुत्रा दिसताच साखळी ताणून भुंकत सुटला, की सोसायटीचं निदान तयार असतं: "लाडावून ठेवलाय. डोक्यावर चढलाय." मग कोणीतरी ट्रेनरचा नंबर देतं. ट्रेनर येतो, "तुम्ही अल्फा व्हा", म्हणजे कळपाचे म्होरके व्हा, असं बजावतो, गळ्यात ओढली की आवळणारी चोक चेन अडकवतो आणि वर गॅरंटीही देतो.

या अल्फाचं मूळ कुत्र्यांत नाहीच. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. बंदिस्त जागेत एकत्र डांबलेल्या त्या लांडग्यांत वर्चस्वाच्या मारामाऱ्या दिसल्या. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकातून ही कल्पना घरोघरी पोचवली आणि पुढे त्यांनीच ती मागे घेतली. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर अनेक उन्हाळे काढल्यावर त्यांनी १९९९ मध्ये लिहिलं की, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरं. एवढं होऊनही आपल्याकडचे ट्रेनर अजून अल्फाच विकताहेत.

साखळीला बांधलेला, भेदरलेला कुत्रा म्होरकेपणासाठी भांडत नसतो. त्याला समोरच्याला लांब ठेवायचं असतं. भुंकल्यावर समोरचा निघून जातो आणि उपाय लागू पडला अशी त्याची खात्री होते. म्हणजे बदलायची आहे ती भीती, आणि इथेच पावलोव्ह मदतीला येतात.

घंटीपाठोपाठ अन्न मिळत गेलं की पुढे नुसत्या घंटीनेही कुत्र्याला लाळ सुटते, एवढी गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढचा भाग मात्र पुस्तकात गळतो. शिकलेल्या कुत्र्याला नुसतीच घंटी ऐकवत राहिलं, अन्न दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. कुत्रा विसरला, असं आपण म्हणू. पण थोडा काळ जाऊ द्या आणि पुन्हा घंटी वाजवा, लाळ परत येते! जुनं शिकणं पुसलं गेलेलं नसतंच, त्यावर नवं शिकणं बसलेलं असतं. एक्सप्रेसवे झाला म्हणून खंडाळ्याचा जुना रस्ता नाहीसा झाला नाही. नवा रस्ता तुंबला की गाड्या तिकडेच वळतात.

भीतीचंही असंच आहे. मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागात 'हा आवाज म्हणजे धोका' अशी जोडणी पक्की होते. धोका येत नाही हे वारंवार अनुभवल्यावर ती जोडणी तुटत नाही, तिला ब्रेक लागतो. ब्रेक लावणाऱ्या पेशी कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये असतात. त्या अमिग्डालातल्या मधल्या पेशीपुंजांना उत्तेजित करतात, ते पुंज गाबा हे शमन करणारं रसायन सोडतात आणि अमिग्डालातून बाहेर जाणारा 'पळा' हा संदेश दबतो. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांच्या मेंदूत याच ब्रेकच्या पेशी पकडल्या. भीती विझवल्यानंतर दुसऱ्या दिवशी त्या जितक्या जोमाने पेटत, तितका उंदीर कमी थिजे. मेंदूची ही मूळ रचना सस्तन प्राण्यांत बरीचशी सारखी असल्यामुळे उंदरावरून कुत्र्याबद्दल अंदाज बांधता येतो. गंमत म्हणजे हा ब्रेक जागेला बांधलेला असतो. व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांनी एका पिंजऱ्यात भीती शिकलेल्या उंदरांची भीती दुसऱ्या पिंजऱ्यात विझवली. पहिल्या पिंजऱ्यात परत नेल्यावर ती पुन्हा उगवली. भीती सगळीकडे चालते आणि धीर मात्र जिथे शिकला तिथेच, अशी ही विषम व्यवस्था आहे. उत्क्रांतीच्या हिशेबाने ती शहाणपणाची आहे, पण कुत्रा पाळणाऱ्याला भारी जाते.

कुत्र्याला 'बोर्डिंग-ट्रेनिंग'ला ठेवण्याबद्दल मी साशंक आहे तो यामुळेच. शहराबाहेरच्या फार्महाउसवर महिनाभर राहून आलेला कुत्रा तिथे शहाण्यासारखा वागतो आणि घरच्या लिफ्टसमोर पुन्हा पहिल्यासारखाच भुंकतो. ट्रेनर म्हणतो, तुम्हीच बिघडवलंत. खरं तर ब्रेक फार्महाउसवरच राहिलेला असतो. 'भीती कायमची घालवून देतो' ही गॅरंटीही याच कारणाने पोकळ आहे. मीतरी असा माणूस दारात उभा करणार नाही.

मग जाणता माणूस काय करतो? त्याची पद्धत १९२४ मधली आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची सशाची भीती अशीच कमी केली. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवला, मग हळूहळू जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याबाबत यातली दोन पथ्यं लोक हमखास मोडतात. पहिलं अंतराचं. उकडलेलं चिकन समोर असूनही कुत्रा तोंड लावत नसेल तर तुम्ही फार जवळ गेला आहात, मागे व्हा. दुसरं क्रमाचं. आधी परका माणूस दिसला पाहिजे, मग चिकन. आपण लांबून कोणी येताना पाहतो आणि घाईने पिशवीत हात घालतो. काही दिवसांत पिशवीची कुरकुरच 'आता संकट येणार' अशी सूचना होऊन बसते. 'घाबरल्यावर खाऊ दिला तर तो आणखी घाबरायला शिकेल' हा आक्षेप मात्र चुकीचा आहे. भीती ही काही मजुरीसाठी केलेली कृती नाही.

गळा आवळून किंवा शॉक देऊन कुत्रा गप्प होतो, हे खरं. पण मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांचे १९६७ चे निष्कर्ष आठवा. ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले होते, त्यांतले बरेच जण पुढे सुटायची वाट असतानाही निपचित पडून राहिले. तेही शांतच दिसत होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या पाहणीत १४० कुत्रेवाल्यांना विचारलं होतं. मारणं-लाथाडणं करून पाहिलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमक उत्तर दिलं होतं. उताणं पाडून दाबून धरण्याबाबत हा आकडा ३१ टक्के होता. गुरगुरणं ही चावण्याआधीची सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेविनाच दात लागू शकतात.

रात्री कुत्रा रडला की यम दिसला म्हणणाऱ्या आजीला आपण हसतो. कुत्र्याचा फोटो पाहून त्याच्या मनातलं सांगणाऱ्या 'कम्युनिकेटर'ला मात्र यूपीआयने पैसे पाठवतो. दोघांत आजी बरी, ती फी घेत नाही.

योग्य माणसाचा शोध सुरू करावा तो पशुवैद्यापासून. लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं की, त्यांच्याकडे वर्तनाच्या तक्रारीसाठी पाठवलेल्या प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना कुठलं ना कुठलं दुखणं असतं. खुबा दुखत असेल तर जवळ येणारा प्रत्येक कुत्रा हा धक्क्याचा धोका. इतकी वर्षं निवांत असलेला कुत्रा अचानक बुजू लागला तर आधी तपासणी, मग ट्रेनर. भीती फार तीव्र असेल तर पशुवैद्य फ्लुऑक्सेटिनसारखं औषध देतात. त्याचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. हे गुंगीचं औषध नाही. डोकं शिकण्याइतपत स्थिर व्हावं, एवढाच त्याचा उद्देश.

ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कायदेशीर परवाना लागत नाही, अमेरिकेतही नाही. त्यामुळे पाटी पाहून काही कळत नाही. सीसीपीडीटी किंवा आयएएबीसी या आंतरराष्ट्रीय संस्थांचं प्रमाणपत्र असेल तर ते त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत पडताळता येतं. पशुवैद्यकाची पदवी घेऊन वर्तनात वेगळं प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ जवळपास नसेल, तर सांगली-नांदेडहूनही ऑनलाइन सल्ला घेता येतो. प्रमाणपत्र असो वा नसो, एक प्रश्न विचाराच: कुत्र्याने चूक केली तर त्याच्यासोबत तुम्ही नेमकं काय कराल? "करेक्शन देतो" (म्हणजे झटका किंवा शिक्षा) म्हणाला तर दाखवायला सांगा, आधी स्वतःच्या हातावर.

चांगला बिहेवियरिस्ट, म्हणजे वर्तनतज्ज्ञ, पहिल्या भेटीत कुत्र्याला हात लावायची घाई करत नाही. तो तासभर तुम्हालाच विचारत बसेल: पिल्लू कितव्या आठवड्यात आणलं, तीन ते बारा आठवड्यांच्या काळात त्याने किती माणसं पाहिली, झोप कशी आहे, कोणत्या जिन्यावर जास्त भुंकतो. चावण्याचा धोका असेल तर तो जाळीचं मझल (मुसकं) घालायला शिकवेल, ज्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. घरचे व्हिडिओही मागेल. ते जुने असतील तर तेच द्या. चित्रीकरणासाठी शेजाऱ्यांना मुद्दाम दारात बोलावून कुत्र्याला चिडवू नका.