गाळे-गोदामांची चालती वेबसाइट विकत घेताना: पात्रता, कागदपत्रे आणि हिशेबातल्या नोंदी

हिंगणघाटातलं जिनिंगचं गोदाम किंवा वणीच्या बसस्टँडजवळचा गाळा भाड्याने दाखवणारी चालती वेबसाइट विकत घ्यायची असेल, तर भाव ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुम्ही कंपनीचे शेअर घेताय, अख्खा धंदा एकठोक घेताय, की फक्त सॉफ्टवेअर आणि नाव घेताय? व्यवहार तोच, पैसे तेवढेच, पण जीएसटी, आयकर आणि ताळेबंद तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं येतं. सही झाल्यावर हे बदलता येत नाही.

कोण घेऊ शकतं

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), भागीदारी फर्म, एकटा मालक, सगळ्यांना घेता येतं. अडचण येते ती शेतकरी उत्पादक कंपनीची. तिची उद्दिष्टं कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३७८बी मध्ये बांधून दिलेली आहेत. सभासदांच्या शेतमालाच्या साठवणुकीसाठी गोदामं जोडून देणं त्यात बसवता येईल. नागपुरातल्या ऑफिसांची दलाली बसणार नाही. संचालक मंडळाच्या ठरावाआधी घटनापत्रातला (मेमोरँडम) उद्दिष्टांचा परिच्छेद वाचून घ्या.

चालता धंदा घ्यायचा तर विकत घेणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक आधीपासून असलेला बरा. “आमची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, नोंदणी कशाला?” हे इथे चालत नाही. नोंदणीकृत माणसाचा चालता धंदा घेतला, की जीएसटी कायद्याच्या कलम २२(३) नुसार घेणाऱ्याला हस्तांतराच्या तारखेपासून नोंदणी बंधनकारक आहे.

साइटवर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) नोंदणीकृत प्रकल्पातले गाळे विक्रीला लागत असतील, तर महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, एजंट नोंदणी लागते. ती विकणाऱ्याच्या नावाची असते, धंद्याबरोबर येत नाही. तुमची वेगळी काढा. निव्वळ भाड्याच्या जागांना रेरा लागत नाही.

एकठोक घेतलं तर

आयकरात याला स्लंप सेल म्हणतात. अट अशी की एकच रक्कम ठरली पाहिजे, करारात प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लिहिलेली नको. नेमकी इथेच गफलत होते. घेणाऱ्याचा हिशेबनीस सोयीसाठी करारालाच तक्ता जोडतो, सॉफ्टवेअर इतकं, नाव इतकं, संगणक इतके, आणि विकणाऱ्याचा स्लंप सेल मोडतो. किंमतीची वाटणी करायचीच आहे, पण ती करारात नाही. मूल्यांकनकाराच्या स्वतंत्र अहवालात, ताबा मिळाल्याच्या तारखेची, तुमच्या वहीसाठी. विकणाऱ्याला स्लंप सेलसाठी सीएचा अहवाल लागतो (१९६१ च्या कायद्यात तो फॉर्म ३सीईए होता). कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्याचे घेऊन बसू नका. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि क्रमांक बदलले आहेत.

चालता धंदा म्हणून हस्तांतर झालं तर जीएसटी माफ आहे (२८ जून २०१७ ची अधिसूचना १२/२०१७, अनुक्रमांक २). फक्त सॉफ्टवेअर आणि डोमेन उचलून घेतलं तर सरळ १८ टक्के. म्हणून करारात येणी, देणी, ग्राहकांचे करार आणि कर्मचारी सोबत येतात हे स्पष्ट लिहिलेलं असावं.

विकणाऱ्याच्या खात्यात शिल्लक इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) असेल तर ते फॉर्म आयटीसी-०२ ने येतं. विकणारा भरतो, सोबत सीएचा दाखला जोडतो, आणि तुम्ही पोर्टलवर जाऊन ते स्वीकारायचं असतं. स्वीकारलं नाही तर क्रेडिट तुमच्या खात्यात येत नाही. क्रम सांभाळा: आधी आयटीसी-०२, मग विकणाऱ्याचा नोंदणी रद्द करण्याचा आरईजी-१६. उलटं झालं की क्रेडिट अडकतं.

आणि जीएसटी कायद्याचं कलम ८५ विसरू नका. हस्तांतराच्या आधीचा जीएसटी, व्याज, दंड, नंतर कधी काढला गेला तरी, घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकतो.

कागदपत्रे

दोन्हीकडचे ठराव, पॅन, जीएसटी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे ताळेबंद ही नेहमीची यादी तुमचा सीए देईलच. हे काम सेतू केंद्रावर होत नाही. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते. खरी तपासणी पुढच्या तीन कागदांची.

पहिला, सॉफ्टवेअरच्या कॉपीराइटचं लेखी हस्तांतर. त्यात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार ते फक्त पाच वर्षांचं धरलं जातं. “कायमस्वरूपी” हा शब्द टाका. साइट बाहेरच्या मुलाकडून बनवून घेतलेली असेल तर त्याने विकणाऱ्याला हक्क लिहून दिलेत का तेही बघा. बहुतेक वेळा नुसतं बिल असतं.

दुसरा, ट्रेडमार्कचं हस्तांतर, ज्याची नोंद टीएम-पी अर्जाने करायची.

तिसरा, ज्यांनी आगाऊ वर्गणी भरली आहे त्या ग्राहकांची तारखेवार यादी. ही बहुतेक कुणी मागत नाही आणि हिशेब इथेच चुकतो.

स्टँप पाचशेचा पुरेल असं गृहीत धरू नका. करारातूनच मालमत्ता हस्तांतरित होत असेल तर कन्व्हेयन्सची (मालकी हस्तांतराच्या दस्ताची) ड्यूटी निघू शकते. सही करण्याआधी मसुदा तपासून घ्या.

वहीतली नोंद

समजा किंमत १८ लाख आहे. १०० गोदाम-मालकांनी १ जानेवारीला वर्षाचे प्रत्येकी ३,६०० रुपये (जीएसटी सोडून) भरले, आणि ताबा ३१ मेला मिळाला. सात महिन्यांची सेवा आता तुम्ही द्यायची. ३०० गुणिले ७ गुणिले १००, म्हणजे २,१०,००० रुपये हे तुमचं देणं आहे. पैसे विकणाऱ्याने घेतले, काम तुमच्या गळ्यात.

सॉफ्टवेअर खाते नावे ६,००,०००
ग्राहक-यादी खाते नावे ३,००,०००
ट्रेडमार्क व डोमेन खाते नावे १,५०,०००
संगणक खाते नावे ८०,०००
येणी खाते नावे १,४०,०००
गुडविल खाते नावे ७,४०,०००
आगाऊ वर्गणी खाते जमा २,१०,०००
विक्रेता खाते जमा १८,००,०००

गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, हा उरलेला आकडा असतो, तो आधी ठरवायचा नसतो. आगाऊ वर्गणीचं देणं सोडून दिलं तर गुडविल ५,३०,००० दिसतं आणि पुढचे सात महिने खर्च होतो, समोर उत्पन्न मात्र नसतं.

ग्राहक-यादी विकणाऱ्याच्या वहीत नसली म्हणून तुमच्याही वहीत येणार नाही असं नाही. स्वतः जमवलेली यादी मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकत घेतलेली, किंमत खात्रीने काढता येत असेल तर, दाखवता येते. खात्रीने काढता येत नसेल तर ती गुडविलमध्येच राहू द्या. सॉफ्टवेअर आणि यादीचं आयुष्य सहसा दहा वर्षांपेक्षा जास्त नाही असं एएस २६ (अशा अमूर्त मालमत्तेचं हिशेब-मानक) धरतं, पण गावोगावचे फोन नंबर तीन वर्षांत शिळे होतात. गुडविल पाच वर्षांत उडवायची रीत आहे.

आयकरात चित्र वेगळं. सॉफ्टवेअरवर घसारा ४० टक्के, ट्रेडमार्कसारख्या हक्कांवर २५, गुडविलवर २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून शून्य. साहजिकच गुडविल कमी करून सॉफ्टवेअर फुगवण्याचा मोह होतो. तेच सॉफ्टवेअर आज नव्याने बनवायला किती लागतील, हा अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असेल. अहवालात त्याचं उत्तर हवं.

नेटवर्थ २५० कोटी किंवा जास्त असेल, किंवा शेअर बाजारात (एसएमई मंच सोडून) नोंदलेली कंपनी असेल, तर इंड एएस १०३ (धंदे विकत घेण्याचं वेगळं हिशेब-मानक) लागतं. तिथे गुडविल दरवर्षी उडवत नाहीत, त्याची दरवर्षी तपासणी करतात, आणि वकील-सीएची फी किंमतीत न मिळवता खर्चात टाकतात.

शेअर घेतले तर

तुमच्या वहीत वरच्या ओळींपैकी काहीच येत नाही. “गुंतवणूक” एवढं एकच खातं, खरेदी किंमतीला. गुडविल दिसलं तर एकत्रित ताळेबंदात. कागदी शेअर असतील तर एसएच-४ (शेअर हस्तांतराचा फॉर्म) सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे द्या. मुद्रांक ०.०१५ टक्के, १८ लाखांवर २७० रुपये. स्वस्त वाटतं, पण कंपनीची सगळी जुनी देणी तिच्यातच राहतात.

कोणत्याही मार्गाने घ्या, पूर्ण रक्कम एकदम देऊ नका. एकठोक घेतलं असेल तर आयटीसी-०२ स्वीकारलं जाईपर्यंत, आणि डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईपर्यंत काही भाग राखून ठेवा. राखलेली रक्कम किंमतीतून वजा करायची नाही. १८ लाख पूर्ण दाखवून ती “विक्रेत्याचे देणे” म्हणून ताळेबंदात ठेवायची.