डॅशबोर्डला घाम का फुटतो

मुलुंडला आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावरच उभी असते, तोंड पश्चिमेला. गेल्या मे महिन्यात डॅशबोर्डवरचा गणपती पुसायला म्हणून उचलू गेलो, तर तो जागचा हलेना. जोर लावून काढला तेव्हा खालून दोनतारी पाकासारखी तार सुटली. दुहेरी टेपचा गोंद वितळला असेल म्हणून शेजारी बोट टेकवलं, तर तिथेही ठसा उमटला. म्हणजे गोंद नव्हे, खुद्द डॅशबोर्डच पाझरत होता. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका दुकानदाराने प्रोटेक्टंटची, म्हणजे प्लास्टिकला उन्हापासून जपायला वरून चोळायच्या द्रावणाची, बाटली काढून दिली; दोन हात मारा, म्हणाला. मी डावी बाजू औषधाला दिली आणि उजवी तशीच सोडली. (मधोमध मास्किंग टेप लावण्याचा शहाणपणा करू नका. ती निघत नाही.)

मुळात डॅशबोर्ड ही घोडागाडीची फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली. घोडा गेला, फळी राहिली. आधी लाकडाची, मग पत्र्याची. डुक्कर फियाटमध्ये बसलेल्यांना तो रंगवलेला पत्रा आठवत असेल. उन्हात चटका द्यायचा, रंग उडायचा, पण पाझरायला त्यात होतं काय? भानगड एवढीच की धडक झाली की डोकं थेट त्या पत्र्यावर. अमेरिकेत १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा आला आणि १ जानेवारी १९६८ पासून लागू झालेल्या मानकांत गाडीच्या आतल्या भागावर आदळून होणाऱ्या इजेचा विचार बंधनकारक झाला. पुढे सगळीकडेच डॅशबोर्डला गादी चढत गेली.

ही गादी दोन शोधांची. पहिला १९२६ चा. बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन यांना पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती सापडली. पीव्हीसी एरवी कडक, आपल्या घरातल्या पाण्याच्या पाइपासारखं. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलं की ते रेग्झिनसारखं लवचिक होतं. या द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात आणि मऊ पीव्हीसीत वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास तेच असू शकतं. दुसरा शोध १९३७ चा, जर्मनीतल्या ओटो बायर यांचा : पॉलियुरेथेन, म्हणजे आतला फोम. वर पीव्हीसीचं कातडं, खाली फोम, त्याखाली कडक सांगाडा, अशी बहुतेक मऊ डॅशबोर्डची रचना.

प्लास्टिसायझरची कल्पना त्याहून जुनी आहे आणि तिचा मूळपुरुष आपल्या देवघरात सापडतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन हायट यांनी सेल्युलॉइड नावाचं प्लास्टिक बनवलं, ते कापसापासून बनणाऱ्या नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून. तिथे मऊपणा आणणारं द्रव्य कापूरच. जुन्या सेल्युलॉइडच्या वस्तूंमधून तो हळूहळू उडून जातो आणि वस्तूंना चिरा पडतात.

पीव्हीसीचंही दुखणं तेच : मऊपणा उसना आहे. प्लास्टिसायझर पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मध्ये शिरून बसलेला असतो. तापलं की तो वर येतो. काही भाग उडून पुढच्या काचेवर आतून तेलकट साय धरतो. गाडी उद्योगात याला फॉगिंग म्हणतात आणि त्याची वेगळी चाचणी असते. काही भाग पृष्ठभागावरच राहतो, त्यात धूळ बसते, आणि हात लावला की चिकट. तापमान किती चढतं? अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी इथे केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात, उन्हात तासभर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसवर गेले होते. त्यात भर फोमची. फोम घडवताना वापरलेली अमाइन जातीची रसायनं वर येऊन पीव्हीसीचं कातडं खालून कुजवतात. म्हणजे वरून ऊन, खालून फोम.

मुंबईत तिसरा शत्रू हवा. काही पॉलियुरेथेनचे रासायनिक बंध पाण्याच्या वाफेने तुटतात. कपाटात दोन पावसाळे न घातलेले बूट काढले की तळवे चिकट होऊन भुगा पडतो ना, तेच. ॲरिझोनाइतकं ऊन आपल्याकडे नाही; पण तिथली कोरडी हवाही नाही.

२००० नंतरच्या दशकातल्या काही जपानी गाड्यांत हा प्रकार इतका गाजला की टोयोटा-लेक्ससने अमेरिकेत ठरावीक मॉडेलांचे डॅशबोर्ड बदलून देण्याची योजना काढली. निस्सान अल्टिमाचं प्रकरण फ्लोरिडात कोर्टापर्यंत गेलं. तिथली तक्रार नुसती चिकटपणाची नव्हती : ओलसर चकाकणाऱ्या डॅशबोर्डवरून ऊन काचेत परावर्तित होतं आणि समोरचं दिसत नाही. आपल्याकडे वेगळंच वळण आलं. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली. निर्णय सुरक्षेसाठी होता आणि माझी तक्रार नाही, पण त्यानंतर डॅशबोर्डची सावली गेली ती गेलीच.

आता बाटलीकडे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातले रसायनतज्ज्ञ जो पाल्चर यांनी रबर-प्लास्टिकला ऊन आणि ओझोनपासून जपणारं द्रावण बनवलं. नाव ट्रायडॉन, म्हणजे इंग्रजी 'नो डर्ट' उलटं लिहून. पुढे १९७२ मध्ये ॲलन रिपिन्स्की यांनी ते आर्मर ऑल नावाने बाजारात आणलं. आजच्या बऱ्याच बाटल्यांत मूळ घटक सिलिकॉन तेल, काहींत अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही. कारखान्यात सामान उन्हासारखा उजेड देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली शेकडो तास ठेवून तपासतात. उघड्या उन्हात चाचणीसाठी तर दक्षिण फ्लोरिडात १९३१ पासून जागा राखलेली आहे. पण या चाचण्या धडधाकट नमुन्याच्या असतात. निघून गेलेला प्लास्टिसायझर आत परत घालणं किंवा तुटलेले बंध सांधणं कुठल्याच बाटलीला जमत नाही.

माझ्या डॅशबोर्डवर तेच दिसलं. पहिले दोन आठवडे डावी बाजू बोटाला गुळगुळीत लागली. सौम्य साबणाच्या पाण्याने आधी पुसलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाचं हे सांगणं कठीण. दुपारी ठाण्याहून येताना मात्र ती इतकी चमकली की समोरचा ट्रक धूसर झाला. जुलैत पावसाची झड लागली आणि दोन्ही बाजू सारख्याच चिकट. टाल्कम पावडर मारायचा सल्ला एका मेकॅनिकने दिला, तोही करून पाहिला; चिखल झाला. दरवाजांच्या पॅडवर, जिथे अजून घाम फुटलेला नाही, तिथे औषध ठीक चाललंय. त्याचा हिशोब दोन-तीन उन्हाळ्यांनंतरच करता येईल.

गणपती सध्या स्टीलच्या ताटलीत बसतो.