टोन नॉब आणि ट्रेबल नॉब एकच समजू नका

"ॲक्टिव्ह प्रीअँप टाकला, आता पॅसिव्ह टोन काढला तरी चालेल ना, ट्रेबल आहेच की." हे इतक्या बेस गिटारवाल्यांकडून ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

पॅसिव्ह टोन, म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा, आवाजाचा वरचा भाग कमी करणारा नॉब, सगळ्यांना माहितीये, २५०के (किलोओहम) चा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, आणि बहुतेक वेळा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. प्रीअँप म्हणजे बेसच्या आतलं सिग्नल वाढवणारं सर्किट, त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते आणि त्याच्या ट्रेबल नॉबने वरचा भाग कमी करता येतो (कट) तसा वाढवताही येतो (बूस्ट), हे पण माहितीच असेल.

खरी गोम अशी की पॅसिव्ह टोनचा कॅपॅसिटर थेट पिकअपच्या, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या, कॉइलवर लोड टाकतो. कॉइलला स्वतःचा एक रेझोनन्स असतो, काही हजार हर्ट्झवर एक उंचवटा, पिकअपची चमक बरीचशी तिथूनच येते. नॉब कमी करायला लागलात की आधी तो उंचवटा दबतो आणि पूर्ण बंद केलात की कॉइल आणि कॅपॅसिटर मिळून नवा उंचवटा पार खाली, काही शे हर्ट्झवर तयार करतात, त्याच्या वरचं सगळं झपाट्याने उतरतं. प्रिसिजन बेसचा टोन शून्यावर नेला की जो गोल, जाड आवाज येतो तो हाच. प्रीअँपच्या ट्रेबलचा कॉइलशी संबंधच येत नाही, कारण मधे बफर, म्हणजे दोघांना वेगळं ठेवणारं सर्किट, असतो. ट्रेबल नॉब ठराविक फ्रिक्वेन्सीच्या वरचा भाग काही डेसिबल खाली ओढतो आणि बास, उंचवटा जागच्या जागी राहतो, फ्रेटवर तार आपटल्याची टकटक बारीक होते पण जात नाही.

म्हणून टोन प्रीअँपच्या आधीच हवा, पिकअप, व्हॉल्यूम, टोन आणि मग प्रीअँप. तोच पॉट आणि कॅपॅसिटर प्रीअँपच्या आउटपुटला लावून "काही फरकच पडत नाही" म्हणणारे भरपूर आहेत, अहो पडणार कसा, तिथे इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी की कॅपॅसिटर फक्त अगदी वरचं टोक थोडं खातो. आणि पॅसिव्ह पिकअपला २५के चे पॉट लावू नका प्लीज, ते ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, पिकअपसाठी असतात, इथे लावले की नॉब पूर्ण उघडा असूनही आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो.

बायपास स्विच, म्हणजे प्रीअँप वगळून सिग्नल थेट बाहेर नेणारा, मी तरी सोडणार नाही. बॅटरी संपली की प्रीअँपचा ट्रेबल गेला, पण बायपासमध्ये पॅसिव्ह टोन चालूच राहतो. एरवी दोन्ही एकत्र वापरा, टोन अर्ध्यावर आणून प्रीअँपचा ट्रेबल थोडा बूस्ट करून बघा, नोटची सुरुवात स्पष्ट येते आणि तो वरचा काचेरी भाग येत नाही, एकट्या ट्रेबल नॉबने हे जमत नाही.