फुटबॉलचे नियम सोपे, ते दिसणं अवघड

१ डिसेंबर २०२२. कतारमधल्या विश्वचषकात जपान आणि स्पेन यांचा सामना १-१ असा बरोबरीत होता. उत्तरार्ध सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली असताना जपानचा काओरू मितोमा गोलच्या बाजूला बाहेर चाललेल्या चेंडूवर झेपावला आणि पाय ताणून त्यानं तो मागे ओढला. समोर आलेल्या आओ तानाकानं तो जाळ्यात ढकलला. चेंडू आधीच बाहेर गेला होता असं ठरवून मैदानावरच्या पंचांनी गोल नाकारला. टीव्हीच्या चित्रातही चेंडू आणि पांढरी रेषा यांच्यामधलं हिरवं गवत स्वच्छ दिसत होतं. तरीही व्हिडिओ तपासणीनंतर गोल मान्य झाला, जपान जिंकलं. हा सामना बरोबरीत सुटला असता तर त्याच गटातली जर्मनी पुढच्या फेरीत गेली असती. तिचा मुक्काम तिथेच संपला.

त्या दिवशी चिडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना नियम माहीत होता. नियम सांगतो की पूर्ण चेंडूनं पूर्ण रेषा ओलांडली तरच तो बाहेर गेला, मग तो जमिनीवर असो वा हवेत. चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२ सेंटिमीटर. गोल वस्तू जमिनीला जवळजवळ एकाच बिंदूत टेकते. तो बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर पलीकडे असला तरी चेंडूचा फुगलेला पोटाचा भाग अजून रेषेवर तरंगत असू शकतो. तिरक्या कॅमेऱ्याला मधलं गवत दिसतं, पण बरोबर वरून पाहिलं की चेंडू आणि रेषा एकमेकांवर आलेले दिसतात. मितोमाचा चेंडू दोन मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरानं आत होता असं नंतर सांगितलं गेलं.

फुटबॉल नव्यानं पाहणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की नियम कळायला अर्धा तास पुरतो. भांडणं होतात ती नियमांवरून कमी आणि पाहणारा कुठे उभा आहे यावरून जास्त.

तर आधी तो अर्धा तास. अधिकृत नियम सतराच आहेत. ते बदलण्याचा अधिकार १८८६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल मंडळाकडे आहे. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांना प्रत्येकी एक आणि उरलेल्या सगळ्या जगाच्या वतीनं फिफाला चार मतं आहेत. बदलाला आठपैकी सहा मतं लागतात. नियम सावकाश बदलतात त्याचं हे एक कारण.

प्रत्येक संघात अकरा खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. त्याला हात वापरता येतो, पण फक्त स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोर आखलेल्या आयतात. बाकीच्यांनी पाय, डोकं, छाती, काहीही वापरावं, हात सोडून. ४५ मिनिटांचे दोन भाग होतात आणि घड्याळ थांबत नाही. दुखापती, खेळाडूंची अदलाबदल, व्हिडिओ तपासण्या यांत गेलेला वेळ प्रत्येक भागाच्या शेवटी जोडला जातो. फलकावर दिसणारी मिनिटं ही किमान असतात. पंच त्याहून जास्त खेळवू शकतो.

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की ज्याचा शेवटचा स्पर्श झाला त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन मिळतो. दोन्ही हातांनी, डोक्यामागून डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून तो फेकायचा. त्यातून थेट गोल होत नाही. (४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, हे शाळेत शिकलेलं इथे चालत नाही. माणसाच्या शरीराला कमी कोनात जास्त जोर लावता येतो, त्यामुळे सर्वांत लांब थ्रो सुमारे ३० अंशांत जातो.) गोलच्या बाजूची रेषा ओलांडली आणि शेवटचा स्पर्श आक्रमकाचा असेल तर गोल किक (बचाव करणारा संघ स्वतःच्या गोलसमोरून चेंडू मारतो), बचावपटूचा असेल तर कॉर्नर (आक्रमक संघ मैदानाच्या कोपऱ्यातून मारतो).

आता ऑफसाइड. बहुतेक नवे प्रेक्षक इथेच हात टेकतात.

समजा हा नियमच नाही. मग एक आघाडीपटू दिवसभर समोरच्या गोलजवळ उभा राहील आणि त्याचे साथीदार मागून लांब चेंडू मारत राहतील. त्याच्यावर नजर ठेवायला बचावपटूही तिथेच थांबतील. मधलं मैदान ओस पडेल. १८६३ मध्ये लंडनमध्ये नियम लिहिणाऱ्यांनी यावर कडक उपाय केला होता: चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक साथीदार ऑफसाइड. म्हणजे पुढे पास देणं जवळपास बंदच. तीन वर्षांत ते सैल झालं आणि पुढे किमान तीन विरोधी खेळाडू असतील तर चालेल असं ठरलं. बचावपटू मग इतके तरबेज झाले की एकानं चार पावलं पुढे यायचं आणि अख्खं आक्रमण ऑफसाइडमध्ये अडकवायचं. १९२५ मध्ये तीनचे दोन केले गेले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये त्याआधीच्या हंगामात ४७०० गोल झाले होते, पुढच्या हंगामात ६३७३ झाले. एका आकड्यानं खेळ एवढा बदलल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आजचा नियम असा: साथीदार चेंडूला स्पर्श करतो त्या क्षणी तुम्ही विरोधी संघाच्या अर्ध्या भागात असाल आणि चेंडू व शेवटून दुसरा विरोधी खेळाडू या दोघांच्याही पुढे, म्हणजे गोलरेषेच्या जास्त जवळ असाल, तर तुम्ही ऑफसाइड जागी आहात. शेवटचा विरोधी सहसा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूकडे बघायचं. बरोबरीत असाल तर चालतं. ही सवलत १९९० मध्ये आली. डोकं, धड, पाय धरले जातात, हात नाही, कारण हातानं गोल करता येत नाही. आणि नुसतं तिथे उभं राहणं गुन्हा नाही. चेंडू खेळलात किंवा विरोधकाला अडवलंत तरच शिट्टी वाजते. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागू नाही.

यातले ‘त्या क्षणी’ हे दोन शब्द सहायक पंचाचा, म्हणजे बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणाऱ्याचा, जीव घेतात. त्याला पास देणारा पाय पाहायचा असतो आणि तीस मीटर पुढची बचावपटूंची रांगही. नजर एकीकडून दुसरीकडे वळवायला मेंदूला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असं धरा. आघाडीपटू सेकंदाला सात मीटर वेगानं पुढे पळतोय आणि बचावपटू तीन मीटर वेगानं उलट दिशेला येतोय. त्या पाचव्या भागात दोघांमधलं अंतर दोन मीटरनं बदलतं. पास दिला तेव्हा बरोबरीत असलेला खेळाडू नजर पोहोचेपर्यंत दोन मीटर पुढे असतो.

त्यात मेंदूची स्वतःची एक खोड आहे. एखादी वस्तू सरकत असताना दुसरीकडे क्षणिक घटना घडली, तर त्या क्षणी ती वस्तू खऱ्या जागेपेक्षा थोडी पुढे होती असं आपल्याला भासतं. पास ही क्षणिक घटना, पळणारा आघाडीपटू ही सरकणारी वस्तू. नेमका झेंडा वर जाण्यासाठी हवा तसाच भास.

आणि पुन्हा उभं राहण्याची जागा. समजा सहायक पंच बाजूच्या रेषेवर आहे, पण शेवटच्या बचावपटूच्या एक मीटर पुढे, गोलकडे. बचावपटू त्याच्यापासून वीस मीटर आत आहे आणि आघाडीपटू आणखी वीस मीटर पलीकडे, अगदी बचावपटूच्या बरोबरीत. कागदावर रेघ ओढून पाहा: पंचाची नजर बचावपटूवरून तिरकी मागे जाते आणि पलीकडचा निर्दोष आघाडीपटू एक मीटर पुढे असल्यासारखा दिसतो. तोच आघाडीपटू बचावपटूच्या अलीकडून, पंचाच्या बाजूनं पळत असेल तर उलटं होतं, खरोखर थोडा पुढे असूनही तो सुटतो. डच संशोधकांनी २००० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात हेच दाखवलं. सहायक पंचांच्या चुका कशाही विखुरलेल्या नव्हत्या, भूमितीनं सांगितल्या दिशेलाच होत होत्या. स्टेडियममध्ये कोपऱ्यातून पाहणाऱ्याची स्थिती तर याहून वाईट, पण ओरडतो तोच सगळ्यात जास्त.

कतारमध्ये यावर यंत्र आणलं गेलं. छताखालचे बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. सेकंदाला दहा मीटरनं बदलणाऱ्या अंतरात दोन चित्रांमध्ये २० सेंटिमीटर निसटतात, म्हणून चेंडूतच सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा संवेदक बसवला होता. लाथ नेमकी कधी बसली ते त्यावरून कळतं. आता बोटभर पुढे असलेल्या गुडघ्यासाठीही गोल रद्द होतो. ज्या नियमाचा हेतू गोलपाशी ठाण मांडणाऱ्याला रोखणं हा होता, त्याचा हा उपयोग मला अजून पचलेला नाही.

फाऊलचं प्रकरण त्या मानानं सरळ आहे. पाय घालून पाडणं, ढकलणं, धरणं, लाथ मारणं यांबद्दल समोरच्या संघाला थेट फ्री किक मिळते, म्हणजे त्या जागेवरून थेट गोलवर मारता येणारा फटका. विरोधकांनी तेव्हा ९.१५ मीटर दूर उभं राहायचं. पंच हात वर धरून उभा दिसला तर ती अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे गोल होण्याआधी दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श हवा. दोन्ही हात पुढे करून तो पळत राहिला तर ‘फाऊल पाहिला, पण तुमचाच फायदा आहे, खेळा’ असा अर्थ. पिवळं कार्ड ताकीद, दोन पिवळी म्हणजे लाल, लाल म्हणजे मैदानाबाहेर, आणि लाल मिळालेल्याच्या जागी दुसरा येत नाही. ही कार्डं पहिल्यांदा १९७० च्या विश्वचषकात आली. हाताला लागलेला प्रत्येक चेंडू गुन्हा नसतो. मुद्दाम लावला का, हात पसरून शरीर अनैसर्गिकपणे रुंद केलं का, हे पाहतात. इथे कुठलाही कॅमेरा निकाल देऊ शकत नाही, आणि हेतू मोजणारा संवेदक अजून निघालेला नाही.

थेट फ्री किकचा गुन्हा बचाव करणाऱ्या संघानं स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात केला की पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना गोलवर मारायचा फटका. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. चेंडू ११ मीटरवर. ताशी १०० किलोमीटरनं मारलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. त्यातला अर्धा वेळ गोलरक्षकाला चेंडू कुठे चाललाय हे कळून स्नायू हलायलाच जातो. उरलेल्या अर्ध्यात मधोमध उभ्या माणसानं साडेतीन मीटरवरच्या खांबापर्यंत झेपावायचं. जमणं कठीण, म्हणून तो लाथ बसण्याआधीच अंदाज बांधतो. लाथ बसेपर्यंत एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे राहिला पाहिजे एवढंच बंधन.

इस्रायली संशोधकांनी मोठ्या स्पर्धांमधल्या २८६ पेनल्टी तपासून २००७ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास २९ टक्के फटके मधोमध आले होते, पण गोलरक्षक मध्ये थांबले होते फक्त सहा टक्के वेळा. जे थांबले त्यांनी तीनात एक पेनल्टी अडवली, डावीकडे किंवा उजवीकडे झेपावणाऱ्यांनी सातात एक. मग ते थांबत का नाहीत? संशोधकांचं म्हणणं असं की झेप घेऊन गोल खाल्ला तर प्रयत्न तरी केला असं वाटतं, उभं राहून खाल्ला तर जिव्हारी लागतं. अर्थात सगळे मध्ये थांबू लागले तर मारणारेही मध्ये मारणं सोडतील.